वरठीवरून गेलेली गाडी आणि लक्ष्मीबाईंचं पाणी

रोवणीची कामं आटोपून जरा टेकला असाल, तर आज आम्ही तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट धर्माची आहे आणि पाण्याचीही.

आपल्या वरठीचं भंडारा रोड स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. नागपूरहून गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगावकडे जाणारी गाडी तिथूनच जाते. साधारण १८९३ साली या मार्गावरून एक मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. त्यांचं नाव नारायण वामन टिळक. डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरताना त्या गृहस्थांनी बायबलमधला नवा करार टिळकांच्या हाती दिला. टिळक तो वाचत गेले. डोंगरावर बसून येशूने लोकांना केलेला उपदेश त्यांच्या मनात रुतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याने दीक्षा घेऊन ते ख्रिस्ती झाले.

त्या पुस्तकात असं होतं तरी काय?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बेथलेहेम गावी एका यहुदी घरात येशूचा जन्म झाला. घर सुताराचं. मोठेपणी तो गावोगाव फिरून शिकवू लागला. देव सगळ्यांचा बाप आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, वैऱ्यालाही क्षमा करा, असं तो सांगे. रोगी, गरीब, लोकांनी दूर लोटलेल्या बाया यांच्यात तो बसे. सत्ताधाऱ्यांना ते खुपलं. यरुशलेमेत रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने त्याला क्रुसावर खिळलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, ही ख्रिस्ती लोकांची मुख्य श्रद्धा. ती पहिली बातमी सांगणाऱ्या बायाच होत्या, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाताळ हा त्याच्या जन्माचा सण. गुड फ्रायडे मरणाचा, आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर पुन्हा उठण्याचा. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ अनेक घरांत पाळतात.

हा धर्म इंग्रजांनी आणला असं आपल्याला वाटतं. पण येशूचा शिष्य थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात आला, अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं, तेही मराठी ओवीत. आपल्या बाजूला स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

आता पाण्याची गोष्ट. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. लक्ष्मीबाईंचं लग्न लहानपणीच झालं आणि शाळा अशी घडलीच नाही. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळलं तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपला धर्म घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

मग मनात विचार सुरू झाला. माणूस देवाने केला, पण ही जात कोणी केली? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारख्या माणसांतही वेगळ्या खुणा दिसल्या असत्या. त्यांना त्या दिसेनात. हळूहळू त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. विटाळ आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे आपलं आत्मचरित्र लिहिलं. आपण ओट्यावर बसून बोलतो तशा भाषेतलं ते पुस्तक आजही मराठीतलं मोठं पुस्तक मानतात.

येशूचीही एक पाण्याची गोष्ट आहे. भर दुपारी तो विहिरीपाशी बसला होता. शोमरोनी समाजाची एक बाई पाणी भरायला आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. तीच चकित झाली, तुम्ही माझ्या हातचं कसं मागता म्हणून. बोलणं संपल्यावर ती घागर तिथेच ठेवून गावात धावली आणि लोकांना बोलावून आली.

त्याच काळातल्या दुसऱ्या एक बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुली-विधवांना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. तिथल्या मुक्ती सदनात त्या शिकल्या, हाताला काम मिळालं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबल उतरवलं. ते त्यांच्या मागे १९२४ साली छापून निघालं.

पण खरं तेही सांगितलं पाहिजे. धर्म बदलला म्हणून जात सुटलीच, असं झालं नाही. पुष्कळ ठिकाणी चर्चमध्येही बसण्या-उठण्यात, सोयरिकीत ती शिरली. टिळकांनाही परदेशी मिशनऱ्यांचा वरचष्मा सलत होता. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. येशूची भक्ती अभंगात, कीर्तनात, आपल्या मातीच्या रीतीने व्हावी, असं त्यांना वाटे. आणि १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. गावाच्या नजरेत जात मात्र तशीच राहते.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही का निवडली? मागच्या रोवणीत आमच्याच बांधीवर एका बाईला तांब्या हाती न देता वरून ओंजळीत पाणी ओतलं गेलं. सगळ्यांनी पाहिलं. आम्हीही पाहिलं आणि गप्प बसलो. चिखलात आम्ही एकाच रांगेत वाकलो होतो, परे एकमेकींच्या हातात देत होतो. तहान लागली तेव्हाच हात वेगळे झाले. घरी आल्यावर लाज वाटली.

कुणी कोणता धर्म पाळावा, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही तुम्हाला धर्म बदलायला सांगत नाही. लक्ष्मीबाईंनी केलं तेवढं मात्र आपल्या हातात आहे. जे लहानपणापासून शिकवलं, ते खरंच देवाचं की माणसाचं, हे त्यांनी स्वतः विचारून पाहिलं.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एक करून पाहा. बैठक आजवर जिच्या घरी कधी झाली नाही, तिच्या घरी ठेवा. तिच्या माठातलं पाणी प्या, तिच्या हातचा चहा घ्या. मग वरठीच्या गाडीची ही गोष्ट तिथे सांगा. आम्हीही आमच्या गटात तेच ठरवलं आहे.