मालवणी बोली: उच्चार, व्याकरण आणि शब्द

मालवणी ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि रत्नागिरीच्या दक्षिण भागात बोलली जाणारी बोली आहे. तिला कुडाळी असेही म्हणतात. मराठी आणि गोव्याची कोंकणी या दोन्हींशी तिचे जवळचे नाते आहे.

‘माझा घर’ चूक आहे का?

मालवणी मूल शाळेत ‘माझा घर’ म्हणाले की लिंग चुकले म्हणून त्याला हसतात. प्रत्यक्षात तो या बोलीचा नियम आहे. प्रमाण मराठीत पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी जिथे ‘आ’ येतो, तिथे मालवणीत ‘ओ’ येतो: घोडो, बांगडो, माझो झील. त्यामुळे ‘आ’ नपुंसकलिंगासाठी मोकळा राहतो. माझो झील, माझी बायल, माझा घर अशी तिन्ही लिंगे स्पष्ट वेगळी राहतात.

इतर खुणा

• ‘ला’ ऐवजी ‘क’: माका (मला), तुका (तुला), मालवणाक (मालवणला).
• आहे = आसा, नाही = नाय, आला = इलो.
• ‘मी जातंय’ हे पुरुष आणि स्त्री दोघेही म्हणतात. प्रमाण मराठीसारखा ‘जातो-जाते’ असा भेद इथे नाही.
• कुठे, इथे, तिथे = खंय, हंय, थंय. यांतला अनुनासिक उच्चार ठळक असतो.

रोजचे शब्द

झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, घोव म्हणजे नवरा, वांगडा म्हणजे सोबत आणि गजाली म्हणजे गप्पा. मासळीबाजारात कोळंबीला सुंगटा आणि सुरमईला इसवण म्हणतात. ‘मेल्या’ ही हाक ऐकून नवखा दचकतो, पण मित्रांमध्ये ती बहुधा प्रेमाचीच असते. अर्थ सुरावरून ओळखावा.

भाषा की बोली?

जनगणनेत मातृभाषा ‘मालवणी’ सांगितल्यास तिची गणना कोंकणीखाली होते. मात्र जिल्ह्यातले बहुतेक लोक मातृभाषा म्हणून मराठीच नोंदवतात. त्यामुळे जनगणनेच्या आकड्यांवरून मालवणी बोलणाऱ्यांची खरी संख्या कळत नाही.

1980 मध्ये रंगभूमीवर आलेल्या, गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ने आणि त्यातल्या मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेने ही बोली महाराष्ट्रभर पोहोचवली. पण त्यातून ती फक्त विनोदाची बोली आहे, असाही समज पसरला. सिंधुदुर्गात बाजारहाट, भांडण, लग्नाची बोलणी आणि दुःखाचे सांत्वनही याच बोलीत होते.