दुव्यांचे रंग आणि वाचकाचा माग

वेबपृष्ठावरील निळ्या, अधोरेखित शब्दावर बोट ठेविले की दुसरे पान उघडते, हे आज लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तो शब्द निळाच का, आणि त्याचा रंग ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत पहिला ब्राउझर रचला. त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर केवळ करड्या छटा उमटत, तेव्हा तेथे रंगाचा प्रश्नच नव्हता. पुढे १९९३ च्या एप्रिलात इलिनॉय विद्यापीठातील मोझेक ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत न पाहिलेला दुवा निळा व पाहिलेला गडद जांभळा, असा परिपाठ पडला. निळा रंग काळ्या मजकुरातून उठून दिसतो; लाल-हिरव्यात घोटाळणाऱ्या बहुतेकांनाही तो ओळखू येतो. जांभळ्याचे काम निराळे. ‘येथे आपण येऊन गेलात’ एवढेच तो वाचकास सांगतो.

१९९५ साली नेटस्केपने हे रंग पृष्ठाच्या लेखकाच्या हाती दिले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस ही मांडणीची भाषा प्रमाण ठरली आणि न पाहिलेल्या व पाहिलेल्या दुव्यांसाठी वेगवेगळे नियम लिहिता येऊ लागले. मात्र हौशी लेखकांनी कित्येकदा दोहोंना एकच रंग दिला, आणि वाचकाची वाटेवरची खूण पुसली गेली.

याहून गंभीर गोष्ट पुढेच होती. दुवा कोणत्या रंगात दिसतो, हे पृष्ठातील आज्ञावलीस ब्राउझरला विचारता येई. अर्थात वाचक कोठे कोठे जाऊन आला, हे परक्यास गुपचूप कळे! वाचकाच्या सोयीची खूणच त्याची चहाडी करू लागली. यावर मोझिलाचे डेव्हिड बॅरन यांनी २०१० साली उपाय मांडला: वाचकास जांभळा दिसावा, पण आज्ञावलीने विचारता ‘हा दुवा पाहिलेला नाही’ असेच उत्तर मिळावे. पाहिलेल्या दुव्याचा रंग तेवढा लेखकाने बदलावा, अन्य सजावट नव्हे. इतर ब्राउझरांनीही हीच वाट धरली.

येथे सत्य लपवूनच ब्राउझर वाचकाशी इमान राखतो. लेखकाने रंग अवश्य निवडावा. पण वाचकाचा माग वाचकापाशीच राहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.