आभाळातला केर

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याचा दिवस. इंदूरला आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, त्यामुळे आठ वाजायच्या सुमाराला आम्ही सगळ्या जणी हात पुसत निवांत बसलेलो. तेवढ्यात एकेकीचा मोबाइल वाजायला लागला. झाबुआ, बडवानीकडच्या लोकांनी काढलेले व्हिडिओ. काळ्या आभाळातून जळते निखारे रांगेने चाललेले. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं. सासूबाईंनी हात जोडून नवकार म्हटला.

ती वरात महाराष्ट्रावरूनही दिसली आणि त्यातलं काही चंद्रपूर जिल्ह्यात येऊन पडलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात बायका सामुदायिक जेवणाच्या तयारीत होत्या. धाडकन आवाज झाला आणि मोकळ्या जागेत तीनेक मीटर रुंदीची धातूची कडी पडली. जवळच्या गावात एक पोकळ गोळाही सापडला. नशिबाने कुणाला लागलं नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे तपासून गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा तो वापरून झालेला भाग असावा, असा जाणकारांचा अंदाज. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ तो आपल्या डोक्यावर घिरट्या घालत होता आणि आपल्याला पत्ताच नाही!

मी ही गोष्ट भाच्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आत्या, तू 'प्लॅनेटेस' बघच." जपानी कार्टून आहे, म्हटल्यावर मी नाक मुरडलं. पण बघायला बसले आणि सव्वीसच्या सव्वीस भाग संपवले. माकोतो युकिमुरा यांनी 1999 पासून लिहिलेल्या चित्रकथेवरून ही मालिका झाली. गोरो तानिगुची दिग्दर्शक, आणि 2003-04 मध्ये ती जपानच्या एनएचके वाहिनीवर लागली. काळ 2075 चा. यात राक्षस नाहीत, लढाया नाहीत. अंतराळात नोकरीला गेलेली माणसं आहेत आणि त्यांचं काम आहे केर काढणं. जुने उपग्रह, रॉकेटचे तुकडे, सुटलेले खिळे-स्क्रू गोळा करायचे. त्यांच्यातल्या युरीची बायको प्रवासी यानात होती. एक स्क्रू खिडकीवर आदळला आणि ती गेली. तेव्हापासून हा माणूस केर वेचतोय. तरीही त्यांच्या कंपनीत या खात्याला 'हाफ सेक्शन' म्हणून हिणवतात, कारण नफा काहीच नाही. पोरगी तानाबे नव्याने रुजू होते तेव्हा तिचाही हिरमोड होतो. ते बघताना मला आमची गल्ली आठवली. ते कसं, हे पुढे सांगते.

आधी वरच्या पसाऱ्याचा इतिहास. 1957 मध्ये रशियाने पहिला उपग्रह सोडला. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेचा छोटासा 'व्हॅनगार्ड 1' गेला. 1964 पासून तो मुका आहे, पण अजून फिरतोच आहे. माणसाने वर टाकलेली ही सर्वांत जुनी वस्तू. त्या काळी कुणाला वाटलंच नाही की आभाळही भरेल. घर नवं असतं तेव्हा माळ्यावर टाकायला आपण तरी कुठे विचार करतो?

1978 मध्ये नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी सहकाऱ्यासह हिशोब मांडला की तुकडा तुकड्यावर आदळेल, त्यातून आणखी तुकडे होतील आणि ही साखळी थांबवणं अवघड जाईल. कारण तिथला वेग. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर धावते. 1983 मध्ये रंगाचा बारीकसा कपचा लागून 'चॅलेंजर' यानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला होता. तेव्हा युरीच्या बायकोचा स्क्रू ही काही नुसती कल्पना नव्हे. 2007 मध्ये चीनने आपलाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. 10 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेचा चालू आणि रशियाचा बंद पडलेला असे दोन उपग्रह धडकले. 2019 मध्ये आपणही एक फोडला. तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून तो कमी उंचीवरचा निवडला होता, तरी कचरा झाला तो झालाच. आज सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असतील, असं युरोपची अंतराळ संस्था सांगते.

आता आवराआवर सुरू झाली आहे. 'मेघा-ट्रॉपिक्स' या उपग्रहाचं काम संपल्यावर इस्रोने त्यात शिल्लक असलेलं इंधन वापरून 7 मार्च 2023 ला तो प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागावर उतरवला. त्याआधी नीट पाहिलं, की खाली माणूस नाही, वस्ती नाही. हे वाचलं आणि मला एकदम साधू-साध्वींचं परठवणं आठवलं. पाच समित्यांमधली शेवटची उत्सर्ग समिती हेच सांगते: नकोशी वस्तू टाकायची, तर आधी जागा बघा, तिथे जीव नाही ना ते बघा, मग जपून ठेवा. समुद्रातही जीव आहेतच, हे खरं. पण टाकण्याआधी थांबून बघणं, एवढी तरी सुरुवात झाली. जपानच्या एका कंपनीचं यान 2024 मध्ये जुन्या रॉकेटच्या तुकड्यापासून पंधरा मीटरवर जाऊन त्याची पाहणी करून आलं. मालिकेतलं खातं खरं व्हायला लागलंय म्हणायचं.

आता आमची गल्ली. 2017 पासून इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजतंय. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते, आपण ओला-सुका वेगळा करून देतो. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. आता तिथे ओल्या कचऱ्यातून गॅस होतो, त्यावर शहर बस धावतात. पाहुण्यांना मी हे मोठ्या कौतुकाने सांगते. पण लहानपणी आमच्या परसदाराच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. झाडणाऱ्या बाईंना चहा त्यातच, आणि तोही वरून ओतून. साध्वीजींच्या हातातल्या ओघ्यापुढे आम्ही डोकं टेकवायचो आणि त्याच दारात झाडू घेऊन आलेल्या बाईंना लांब उभं करायचो. जीव वाचवायला दोघीही झाडतात, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नाही. त्या बाईंचं नावही मला आज सांगता येत नाही. सगळे त्यांना कामावरूनच हाक मारत.

मालिका संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. डबे देताना मी गाडीवरच्या ताईंना पहिल्यांदा नाव विचारलं. त्या जरा दचकल्याच. काही तक्रार आहे का, असं त्यांना वाटलं असावं. मग नाव सांगितलं आणि विचारलं, "और आपका?" सात वर्षं माझ्या घरचा केर नेणाऱ्या बाईंना माझंही नाव माहीत नव्हतं. गाडी पुढे निघायची घाई होती. मी म्हटलं, उद्या दोन मिनिटं थांबा, चहा करून ठेवते. घरातल्या कपात.