१२ जुलै, सकाळी सहा, खडकी बाजार

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषात ही ओळ तुम्ही दरवर्षी वाचता: १९६१, पानशेत धरण फुटले. आज त्याच बुधवारच्या सकाळी तुम्ही खडकी बाजारात एका हॉटेलच्या पत्र्याखाली उभे आहात. पावसाची रिपरिप चालू आहे. दारूगोळा कारखान्याचे कामगार डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन सायकली हाणत निघालेत.

"सॅपर्स रात्रभर तिकडेच आहेत म्हणे," शेजारचा म्हणतो. बॉम्बे सॅपर्सचं ठाणं खडकीतच, त्यामुळे इथे अशी बातमी कागदाआधी पोचते.

"धरण खचतंय."

"छे हो! नवं कोरं धरण. ते कसलं खचतंय?"

कसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आंबी नदीवरचा हा मातीचा बांध अजून पुरता झालेलाही नाही, तरी पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरलाय. बांधाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी आहे आणि तिच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळईच नाही. मोरी ढासळली, तिच्यावरची माती खाली बसली, बांधाचा माथा पाण्याच्या पातळीकडे उतरत गेला. माथ्यावरून एकदा पाणी वाहू लागलं की मातीचं धरण धरत नाही. म्हणून जवान वाळूची पोती रचताहेत. भिजलेलं पोतं दोघांनी उचलायचं, चिखलात पाय रोवायचे, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर ते आडवं टाकायचं आणि टाचेनं दाबून बसवायचं. मग पुढचं. धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं ते या पोत्यांमुळे. अंधारात, झोपेत पेठा गाठल्या असत्या तर काय झालं असतं? दिनविशेषवाले हे छापत नाहीत. माझ्या मते ती ओळ त्यामुळे अर्धीच राहते.

सात वाजून जातात. बांध गेला. इथे काहीच ऐकू येत नाही.

खडकी मुळेच्या काठी आणि संकट येतंय मुठेतून. तुम्ही वाकडेवाडीवरून शिवाजीनगर गाठता, नव्या पुलाकडे वळता, तर लोक उलट पळत येताहेत. पुढे गढूळ पाणी, त्यात वासे, पत्रे, कणग्या, एक म्हैस. वास चिखलाचा आणि रॉकेलचा. काही तासांत बंडगार्डनचा सोडून शहरातले पूल पाण्याखाली जातात. पानशेतच्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही धरण फोडलंय, १८७९ पासून पुण्याला पाणी पाजणारं. त्या दिवशी गेलेल्यांचा आकडा लोक हजाराच्या घरात सांगतात.

पुढे चौकशी आयोग बसेल, न्यायमूर्ती नाईकांचा अहवाल येईल. नदीकाठच्या पेठांतली बिऱ्हाडं गोखलेनगरला, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटांत जातील. जन्मभर वाड्यात राहिलेल्यांना लष्करी बराकीचं छप्पर! पूरग्रस्त हा शब्द पुण्यात कित्येक वर्षं पत्त्याचा भाग होऊन राहील.

पण आत्ता तुमच्या शेजारी एक भिजलेला गृहस्थ उभा आहे. कारखान्यातली पाळी सोडून आलाय.

"आई पलीकडे आहे हो. नारायण पेठेत."

"इथून नाही जमायचं, दादा. मागे फिरा. होळकर पुलावरून येरवडा गाठता आला तर बंडगार्डनवरून कॅम्पात शिरता येईल. पेठांत पाणी ओसरल्यावर जा."

"तुम्हाला काय माहीत बंडगार्डनचा पूल राहील म्हणून?"

याला उत्तर नाही. तो तरीही सायकल वळवतो.

"आणि थांबा," तुम्ही म्हणता, "प्यायचं पाणी बरोबर न्या. घागर, किटली, मिळेल ते भरून. तिकडे नळाला पाणी येणार नाही आता."

तो वळून एकदा पुराकडे बघतो, एकदा तुमच्याकडे. "एवढं पाणी वाहतंय आणि पाणी न्यायचं?"

"न्या. आणि वाड्यात जुना आड असेल तर त्याचा रहाट चालतो का ते आधी बघा."