गाडीला किक नाही, अन् बॅटरी उतरली तर? दुचाकीची बॅटरी आणि चार्जिंग लीडची पूर्ण माहिती

शिरपूर जैन (ता. मालेगाव) : रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी सेल मारला की नुसती टिकटिक करते, ही तक्रार आता गावोगावी ऐकू येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. बहुतेकांचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं आणि बऱ्याच मॉडेलची किकही गेली. पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवरच चालतो, त्यामुळे बॅटरी पार उतरली तर अशी गाडी ढकलूनही बहुधा चालू होत नाही. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन मालेगाव नाहीतर वाशिमला निघायचं असेल तर काय करणार? म्हणून बॅटरीकडे आधीच लक्ष द्यायला पाहिजे.

बॅटरी का उतरते?

गाडी चालू करताना बॅटरीतून एकदम जास्त करंट जातो. तो भरून निघायला गाडी थोडा वेळ चांगली चालावी लागते. घर ते वावर, वावर ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत तो भरून निघत नाही. त्यात २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो. वरून जादा एलईडी, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर लावला की बॅटरीवर आणखी भार. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या शिशाच्या प्लेटवर कडक थर बसतो, मग ती चार्ज घेत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याच्या बॅटरीतलं पाणीही लवकर उडतं.

मीटरवर असं तपासा

साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी चार-पाच तास बंद असताना मोजा.

• १२.६ ते १२.८ व्होल्ट : बॅटरी भरलेली.
• १२.४ च्या आसपास : चार्ज करून घ्या.
• १२ किंवा खाली : जवळपास उतरली, लगेच चार्ज करा.
• गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ : गाडीचं चार्जिंग बरोबर.

रेस देऊनही आकडा १३ च्या वर जात नसेल किंवा १५ च्या पुढे जात असेल, तर नवी बॅटरी टाकू नका. आधी आरआर युनिट आणि वायरिंग दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही जाईल.

चार्जर कोणता लावायचा?

इथंच बरेच जण फसतात. साधा हिशेब असा, की बॅटरी जितक्या एएचची, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट. ४ एएचच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. पूर्ण उतरलेली असेल तर दहा-बारा तास लागतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावला तर छोटी बॅटरी तापते, फुगते. फवारणी पंपाचा चार्जर लावायचा मोह होतो. आधी त्याच्यावरचा अँपिअर वाचा. पंप लिथियम बॅटरीचा असेल तर त्याचा चार्जर अजिबात लावू नका. भरली की आपोआप थांबणारा दुचाकीचा चार्जर सगळ्यात बरा.

चार्जिंग लीड म्हणजे काय?

ही दोन वायरींची छोटी लीड असते. एका टोकाला गोल थिंबल, दुसऱ्या टोकाला टोपणवाला प्लग. एकदा बॅटरीला बसवली की दरवेळी सीट काढून चिमटे लावायची गरज नाही. प्लगला चार्जर जोडला की झालं.

बसवताना :

१) चावी बंद करा. आधी मायनस (काळी) सोडा, मग प्लस (लाल). उलटं केलं आणि पाना चेसीला लागला तर ठिणगी उडते.
२) लीडची लाल वायर प्लसला, काळी मायनसला. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. नट घट्ट करा.
३) लाल वायरीत बॅटरीजवळच ५ ते ७.५ अँपिअरचा फ्यूज पाहिजेच. फ्यूज नसलेली लीड घेऊ नका. वायर घासून चेसीला लागली तर आग लागू शकते.
४) वायर सायलेन्सरपासून लांब ठेवा, सीटखाली दबू देऊ नका.
५) दोन पिनी प्लग असेल तर बॅटरीकडच्या बाजूला प्लसची पिन आत झाकलेली असावी. काम झालं की टोपण लावा.

चार्ज करताना आधी प्लग जोडा, मग लाइटचं बटन चालू करा. काढताना आधी बटन बंद. या बारीक लीडवरून ट्रॅक्टरची बॅटरी जोडून सेल मारू नका, फ्यूज उडेल.

महिन्यातून एकदा

• टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर मायनस-प्लस सोडून खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.
• पाण्याची बॅटरी असेल तर पातळी दोन रेघांच्या मध्ये ठेवा. फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी नाही, ॲसिडही नाही. सीलबंद बॅटरी उघडू नका.
• गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मायनस सोडून ठेवा. रोज दोन मिनिटं चालू करून बंद करण्यात फायदा नाही, उलट बॅटरी उतरते.

हे विसरू नका

चार्ज होताना बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. म्हणून मोकळ्या हवेत चार्ज करा, जवळ बिडी-सिगारेट नको, लेकरं नकोत. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्याला लागलं तर धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

जुनी बॅटरी घरी फोडू नका, उकिरड्यावर टाकू नका. त्यातलं शिसं लेकरांच्या अंगात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिची किंमत बिलातून कमी करून मागा आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घेऊनच दुकानातून निघा.