ताटासमोर कोण बसलं?

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई हप्त्याचे पैसे मोजता मोजता रडायला लागल्या. त्यांची मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. आठ महिने ती नीट जेवत नव्हती. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपवास सुरू. उपवासाला साबुदाणा नाही की भगर नाही, नुसता चहा. घरच्यांना आधी कौतुकच वाटलं, पोरगी देवाधर्माची निघाली म्हणून! पुढे पाळी थांबली, केस गळायला लागले, भर उन्हात थंडी वाजायला लागली. एका दवाखान्यात सलाईन लावलं, दुसरीकडे टॉनिक दिलं, मग देवऋषी झाला. पण बाई, तुला घास घेताना नेमकं काय होतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

बी.ए.ला माझा इतिहास होता. अडलं की मागे जाऊन वाचायची सवय तेव्हापासूनची.

हा आजार मोबाईलने आणला असं आपण म्हणतो. पण १८७३ सालीच लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी अशा मुलींबद्दल लिहून ठेवलं होतं. पोटात दुखणं नाही, क्षय नाही, घरात अन्न आहे, तरी मुलगी जेवत नाही. गल यांनी तिला ठरावीक वेळाने थोडं थोडं खायला द्यायला सांगितलं, आणि मूळ मनात आहे हेही सांगितलं. म्हणजे दोन्ही गोष्टी तेव्हाच कळल्या होत्या. पुढे मात्र वाटण्या झाल्यासारखं झालं. कुणी नुसतं वजन वाढवायचं, कुणी नुसतं मन तपासायचं.

या वाटण्या का चुकल्या, ते अमेरिकेतल्या एका प्रयोगातून मला समजलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ धडधाकट तरुण निवडले. लढायला नकार दिलेले आणि स्वखुशीने आलेले हे तरुण. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास जेवण दिलं. बटाटे, पाव, सलगम असलं. त्यांचं जवळपास चौथा हिस्सा वजन उतरलं. ते अपेक्षितच होतं. पण शहाणीसुरती माणसं चिडचिडी झाली, एकेकटी बसायला लागली, दिवसभर जेवणाचाच विचार करायला लागली. पाककृतींची पुस्तकं जमवायची, ताटं चाटायची. आणि जेवण पुन्हा सुरू झाल्यावर मन लगेच ताळ्यावर आलं नाही, त्याला कित्येक महिने लागले. उपाशी मेंदूला समजावणं पोचत नाही, आणि पोट भरलं म्हणून मन भरत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

आता आपल्या जिल्ह्यात या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. मुलं कुपोषित, बाया अशक्त. आहार दिलाच, पण गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कितीतरी जणी निरक्षर, दलित वस्तीतल्या. त्या ओसरीवर बसून बोलायच्या. चीक का पाजत नाहीस? सगळ्यांचं झाल्यावर तू का जेवतेस? या कामासाठी आरोळे पतीपत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला हा आजार बरा केला असं मी म्हणत नाही. तिथं गरिबीतलं कुपोषण होतं, आमच्या ताईंच्या घरी धान्याच्या कोठ्या भरलेल्या. पण ताटाबरोबर माणूस लागतं, हे त्या ओसरीवर आधीच ठरलं होतं.

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाने १९८० च्या दशकात हेच पद्धतशीर केलं. आईबापांनाच हाताशी धरलं. जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्याकडे, पण रागावणं नाही, टोमणे नाहीत. कमी वयाच्या आणि आजार नवा असलेल्या मुलींना त्याचा चांगला गुण आला.

एक धोका सांगायलाच हवा. महायुद्धातल्या उपाशी कैद्यांना सुटकेनंतर एकदम भरपूर खाऊ घातलं, तेव्हा काही जण त्यानेच दगावले. म्हणून फार खंगलेल्या मुलीला तुपाचे लाडू कोंबू नका. रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवायचं.

या मुलीचं तसंच झालं. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचाराच्या बाई, तिघांनी मिळून पाहिलं. वजन करताना काट्याकडे पाठ करून उभी राहायची. आई समोर बसून जेवायची, शेतातलं, गटातलं, काहीबाही बोलायची, ताटाचा विषय काढायची नाही. चौथ्या महिन्यात मुलगीच बोलली. अकरावीत वर्गातल्या मुलांनी तिला एक नाव ठेवलं होतं. ते नाव ती इथं सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही.

घरात असं कुणी असेल तर सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. परवा ही मुलगी गटाचं पासबुक लिहायला आली होती. चहाबरोबर दोन बिस्किटं घेतली, तिसरं परत ठेवलं. आई काही बोलली नाही.