खणातले चार फोन

गेल्या आषाढात, माउलींची पालखी तरडगावला पोचायच्या दोन दिवस आधी, आजीचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. वाळवला, तांदळात ठेवला, पण तो गेला तो गेलाच.

एरवी मी निवांत नवा मागवला असता. पण फलटणच्या आमच्या ओसरीवर दरवर्षी परभणीकडच्या एका दिंडीतली दहा-बारा माणसं मुक्कामाला असतात. आदल्या संध्याकाळी तरडगावातून त्यांचा फोन येतो : यंदा किती जण, कुणाचे पाय सुजलेत, भाकरी किती लागतील. त्यांच्याकडे नंबर एकच, आजीचा. फोन लागला नाही तर म्हातारीचं काही बरंवाईट झालं असं समजून ते दुसरीकडे जातील, हीच आजीची धास्ती.

“सिम चांगलं हाय ना? मग घाल की जुन्या कुठल्यातरी फोनात,” ती म्हणाली.

कपाटाच्या खणात चार जुने फोन होते. तुम्हीही असा खण उघडून बघा, प्रत्येकाच्या घरी असतोच. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. त्यात माझी अख्खी दुपार गेली.

पहिला फोन बाबांचा, २००३ सालचा. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, सिमची खाच शोधली. खाच नव्हतीच.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते १ मे २००३पासून. दोनच महिन्यांनी, १ जुलैला, रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ आणला : ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा. बाबांचा फोन तिथलाच. हे नेटवर्क सीडीएमए तंत्राचं होतं आणि त्याच्या बहुतेक हँडसेटमध्ये सिम नसे. तुमचा नंबर थेट फोनच्या पोटात भरलेला असायचा. कंपनी बदलायची तर फोनही गेला आणि नंबरही. बाबांनी तीन वर्षांनी कंपनी बदलली, तेव्हा वहीतल्या एकेका माणसाला लँडलाइनवरून नवा नंबर कळवला होता. काही माणसं त्यात सुटली ती सुटलीच.

ही गोष्ट मोबाइलपेक्षा जुनी आहे. आपल्याकडे लँडलाइनचं काळं डबडं आपल्या घरात असलं तरी मालकी खात्याची असायची. अमेरिकेतही तेच, फक्त मालक खासगी कंपनी. टेक्सासच्या थॉमस कार्टर नावाच्या माणसाने गुराखी आणि तेलविहिरींवरच्या लोकांसाठी एक यंत्र बनवलं होतं. ते वायरलेस सेटवरचं बोलणं टेलिफोनला जोडून द्यायचं. रानातला माणूस रानातूनच बोलू शकायचा. टेलिफोन कंपनीने हरकत घेतली : आमच्या तारेला परकं यंत्र लावायचं नाही. १९६८मध्ये निकाल कार्टरच्या बाजूने लागला. नेटवर्कला अपाय होत नसेल तर आपलं यंत्र जोडायचा हक्क ग्राहकाला आहे, हे तिथे पहिल्यांदा ठामपणे मान्य झालं.

सिमकार्डामागेही हाच विचार आहे. म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट कंपनीने १९९१मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्याला पहिली ३०० कार्डं दिली. माणसाची ओळख कार्डात, फोन नुसतं यंत्र. कार्ड काढा, दुसऱ्या यंत्रात घाला, तुम्ही तेच. म्हणजे आजी म्हणाली ते अगदी बरोबर होतं. फक्त मधे कुलूप आलं.

दुसरा फोन काकांनी अमेरिकेहून आणलेला. सिम घातलं आणि पडद्यावर आलं : कोड टाका. हे सिमलॉक. प्रत्येक सिममध्ये एक ओळखक्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे कंपनीचे. लॉक केलेला फोन हे आकडे वाचतो आणि आपल्या मालकाचे नसतील तर अडून बसतो. चुकीचा कोड ठरावीक वेळा टाकला की कायमचा बंद. तिकडे कंपन्या करारावर स्वस्तात फोन देतात आणि गिऱ्हाईक पळू नये म्हणून हे कुलूप घालतात. जानेवारी २०१३मध्ये तर कंपनीला न विचारता नवा फोन अनलॉक करणं अमेरिकेत बेकायदा ठरलं. लाखाहून जास्त लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ला कायदा बदलला. कॅनडाने २०१७मध्ये आणि ब्रिटनने २०२१मध्ये लॉक केलेले फोन विकणंच बंद केलं.

आपल्याकडे हे कुलूप फारसं रुजलं नाही. आपण फोन रोख पैसे देऊन घेतो, आणि प्रीपेड कार्ड वेगळं. पण रुजलं नाही म्हणजे आलंच नाही असं नव्हे. खणातला तिसरा फोन त्याचा पुरावा : आत्याचा जिओफोन. २०१७च्या जुलैमध्ये जाहीर झालेला, दीड हजार रुपये अनामत घेऊन दिलेला, फोरजीवर चालणारा कीपॅड फोन. लाखो लोकांच्या हातात इंटरनेट त्यानेच पहिल्यांदा दिलं. पण तो त्याच कंपनीच्या सिमवर चालतो. आजीचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. तोही बाजूला ठेवला.

गंमत बघा. नंबर तोवर मोकळा झाला होता. २५ नोव्हेंबर २०१०ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ला देशभर पोर्टेबिलिटी सुरू झाली. १९००ला एक मेसेज पाठवा आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदला. बाबांसारखी वही घेऊन बसायची गरज उरली नाही. नंबर सुटला, फोन मात्र काही ठिकाणी बांधलेलाच राहिला.

चौथा फोन नोकिया ११००. हाही २००३चाच, जगभरात २५ कोटींच्या वर खपलेला, डोक्यावर टॉर्च असलेला. कुलूप नाही. पण आजीचं सिम नखाएवढं आणि ह्याची खाच जुनी, मोठी. बॅटरीही फुगलेली. एसटी स्टँडकडच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन हातात फिरवून पाहिला.

“दादा, ह्याला टूजी लागतं. आजींच्या कंपनीचं टूजी अजून चालू आहे म्हणून बरं. फक्त फोरजीवाल्या कंपनीचं कार्ड असतं तर हा नुसता टॉर्च झाला असता.”

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. कुलूप कोडचंच असतं असं नाही. जिओच्या नेटवर्कला टूजी मुळातच नाही. एअरटेलने २०२०मध्ये थ्रीजी बंद केलं, पण टूजी ठेवलं, कारण असे साधे फोन वापरणारे अजून खूप आहेत. ज्या दिवशी टूजी सगळीकडे बंद होईल त्या दिवशी हे सगळे फोन एकदम मुके होतील. त्या कुलपाला कोड नाही आणि त्यासाठी सह्या कुणाकडे पाठवायच्या तेही ठरलेलं नाही.

दुकानदाराने सिमला प्लॅस्टिकचं जॅकेट घातलं, नवी बीएल-५सी बॅटरी टाकली. कांड्या आल्या. नावं मात्र एकही आलं नाही. आजीची सगळी नावं सिममध्ये नव्हती, बुडालेल्या फोनमध्ये होती.

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर नुसताच नंबर. आजीने उचलला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, “बोला माउली. मंडळी किती?”

मग माझ्याकडे वळून तिने पीठ मळायला घ्यायची खूण केली. यंदा चौदा जण होते.